कॉम्प्युटर आधी घ्यावा की मोबाइल? स्क्रीन रीडरवर काम करणाऱ्यांसाठी धागा

कळफलक (धागाकर्ता)

अंध माणसाने एकच उपकरण घ्यायचं तर आधी कॉम्प्युटर की मोबाइल, हा प्रश्न इथे सारखा येतो. उत्तरं बहुतेकदा ज्याला जे सवयीचं, त्याच बाजूने येतात. या धाग्यात कामाप्रमाणे बोलू. कृपया नेमकं लिहा: कुठली की, कुठला जेस्चर, काय अडतं आणि का अडतं.

सुरुवात मी करतो. सगळ्यात मोठा फरक पडतो तो मजकुरात फिरण्याच्या पद्धतीने. कॉम्प्युटरवर एनव्हीडीए किंवा जॉज (पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणारे विंडोजचे स्क्रीन रीडर) चालू असताना वेबपेजवर एच दाबला की पुढचं हेडिंग, २ दाबलं की फक्त दुसऱ्या पातळीचं हेडिंग, टी म्हणजे टेबल, ई म्हणजे एडिट फील्ड, बी म्हणजे बटण. शिफ्ट जोडली की तेच उलट्या दिशेने. मोबाइलवरही हेडिंगवरून हेडिंगवर जाता येतं, पण आयफोनच्या व्हॉइसओव्हर या स्क्रीन रीडरवर आधी दोन बोटं फिरवून रोटर (कशावरून कशावर उडी मारायची ते निवडणारी चकती) 'हेडिंग्ज'वर आणायचा, मग एका बोटाने वर-खाली स्वाइप. टेबल हवं झालं की पुन्हा रोटर. अँड्रॉइडच्या टॉकबॅकवर हेच तीन बोटांच्या वर-खाली स्वाइपने निवडायचं. दर वेळी आधी निवड, मग हालचाल. पाच मिनिटांच्या कामात हे जाणवतही नाही. तीन तासांच्या कामात फार जाणवतं.

वर्डचं उदाहरण घ्या. चाळीस पानांच्या अहवालात चौथ्या प्रकरणातल्या टेबलाखालचं वाक्य बदलायचंय. एनव्हीडीए की (सहसा इन्सर्ट)+स्पेसने ब्राउझ मोड (एकेका अक्षराच्या कीने उड्या मारायची सोय), एनव्हीडीए+एफ७ ने घटकांची यादी, त्यात हेडिंग्जमध्ये प्रकरणाच्या नावाची पहिली दोन अक्षरं टाइप करून एंटर, मग टी ने टेबल, टेबलाच्या बाहेर खालचा बाण, पुन्हा एनव्हीडीए+स्पेस आणि बदल. दहा-बारा की झाल्या. ब्राउझ मोडमध्येच डब्ल्यू दाबला तर शुद्धलेखनाच्या पुढच्या चुकीवर उडी पडते.

एक्सेलमध्ये अंतर आणखी वाढतं. शीर्षकांच्या ओळीतल्या पहिल्या सेलवर एनव्हीडीए+शिफ्ट+सी एकदा दाबलं, की पुढे कुठल्याही सेलवर गेलात तरी स्तंभ बदलताना त्याचं शीर्षक आधी बोललं जातं. कंट्रोल+बाणाने भरलेल्या भागाच्या टोकाला जाता येतं. मोबाइलच्या एक्सेलमध्ये दोनशे ओळींची यादी सेल-सेल करत चाचपणं म्हणजे पुढचा सेल ऐकेपर्यंत मागचा विसरणं.

माझं मत: शिक्षण, कार्यालय, लेखन, हिशेब, प्रोग्रामिंग यातलं काहीही करायचं असेल तर कॉम्प्युटरला पर्याय नाही. बाकी मंडळींनी खोडून काढावं.

स्वाइप_उजवीकडे

लेखनाबाबत सहमत. पण मोबाइलला तुम्ही 'छोटा कॉम्प्युटर' समजून मोजताय, तिथे मतभेद. अंध माणसाच्या हातात मोबाइल हा आधी कॅमेरा आहे, मग जीपीएस आहे, मग फोन आहे. लॅपटॉप यातलं काहीच धड करत नाही. औषधाच्या पट्टीवरचं नाव, दारावरची पाटी, टपालाने आलेलं पत्र, वॉशिंग मशीनच्या पॅनेलवर काय उमटलंय, हे सगळं दिवसाला दहादा लागतं.

सीइंग एआय हे कॅमेऱ्यासमोरचा मजकूर बोलून सांगणारं ॲप २०१७ मध्ये आयफोनवर आलं आणि २०२३ च्या डिसेंबरात अँड्रॉइडवर. गूगलचं तसंच ॲप, लुकआउट, अँड्रॉइडवर आहे. बी माय आइज २०१५ पासून आहे, त्यात व्हिडिओवर डोळस स्वयंसेवक मिळतो. देवनागरी छापील मजकूर वाचायचा असेल तर ॲप त्या लिपीला चालतं का, हे आधी तपासा. गूगल लेन्स देवनागरी ओळखतं.

नव्या माणसाचा कागद वाचला जात नाही तेव्हा दोष बहुधा ॲपचा नसतो, फोन धरण्याचा असतो. रीत अशी. कागद गडद टेबलावर सपाट ठेवा. पांढऱ्या टेबलावर पांढऱ्या कागदाच्या कडा ॲपला सापडत नाहीत. फोन उभा धरून कागदाच्या मधोमध टेकवा आणि दोन्ही कोपरं टेबलावर ठेवून सरळ वर उचला. ए४ कागदाला साधारण ३० ते ३५ सेंटिमीटर अंतर पुरतं. लेन्स फोनच्या मध्यावर नसते, वरच्या कोपऱ्यात असते, म्हणून फोन मधोमध धरला तरी कागदाचा खालचा भाग सुटतो. लेन्सचा कोपरा बोटाने ओळखून तो कागदाच्या मध्यावर आणा. गुळगुळीत, चकचकीत कागदावर फ्लॅश बंद ठेवा, नाहीतर मधला मजकूर उजेडात धुऊन निघतो. खोलीतला दिवा पाठीमागे असेल तर तुमचीच सावली कागदावर पडते.

आणि आकडे महत्त्वाचे असतील, म्हणजे औषधाची मात्रा, खाते क्रमांक, मुदत संपण्याची तारीख, तर दोनदा स्कॅन करून दोन्ही वाचनं जुळवा. ३ आणि ८, १ आणि ७ यांची गल्लत होते. चित्राचं वर्णन करणारी नवी ॲप्स तर पुसट आकडाही ठामपणे सांगून मोकळी होतात.

निःशब्द

दोघांचंही पटलं. पण मी निवड आणखी एका कसोटीवर करायला सांगेन, आणि माझ्या मते तीच पहिली लावायला हवी: आवाज अचानक बंद पडला तर कुणाच्याही मदतीशिवाय तो परत आणता येईल का? ज्या उपकरणावर हे जमतं, तेच तुमचं मुख्य उपकरण. बाकीचं सगळं शिकता येतं. आवाज गेल्यावर मात्र शिकायलाच काही उरत नाही.

विंडोजवर क्रम असा. कंट्रोल+ऑल्ट+एन दाबा, एनव्हीडीए अडकला असेल तर नव्याने सुरू होतो. (इन्स्टॉल करताना डेस्कटॉप शॉर्टकट ठेवला असेल तरच हे चालतं. ती खूण काढू नका.) तरी शांतता असेल तर विंडोज+कंट्रोल+एंटर, म्हणजे नॅरेटर. नॅरेटर बोलला तर दोष एनव्हीडीएत आहे. नॅरेटरही गप्प असेल तर आवाज दुसऱ्याच वाटेने चाललाय: एचडीएमआयने जोडलेल्या मॉनिटरकडे किंवा शेजारच्या खोलीत चालू राहिलेल्या ब्लूटूथ स्पीकरकडे. एचडीएमआयची वायर काढा, ब्लूटूथ उपकरण बंद करा. विंडोज ११ च्या नव्या आवृत्त्यांत विंडोज+कंट्रोल+व्ही ने आवाजाचं आउटपुट निवडायची खिडकी उघडते. तेही नाही जमलं तर यूएसबी हेडफोन लावा. बहुतेक यूएसबी हेडफोनना वेगळा ड्रायव्हर लागत नाही, म्हणून साउंड कार्डचा ड्रायव्हर बिघडला असला तरी ते बोलतात. असा एक हेडफोन पिशवीत ठेवलाच पाहिजे.

दोन फसवे प्रकारही माहीत हवेत. एनव्हीडीए+एस चुकून दाबलं गेलं की बोलणं बंद होतं किंवा नुसते बीप येतात. तेच परत दाबत गेलं की बोलणं परत येतं. आणि एकाच प्रोग्राममध्ये शांतता, बाकी सगळीकडे ठीक असेल, तर स्लीप मोड लागलाय: एनव्हीडीएच्या कीजच्या दोन मांडण्या आहेत, त्यातल्या डेस्कटॉप मांडणीत एनव्हीडीए+शिफ्ट+एस, लॅपटॉप मांडणीत एनव्हीडीए+शिफ्ट+झेड.

आयफोनवर तीन बोटांनी दोनदा टॅप झालं की व्हॉइसओव्हरचं बोलणं बंद होतं, जेस्चर मात्र चालू राहतात. नव्या माणसाला वाटतं फोन मेला. तोच जेस्चर पुन्हा करा. झूमही (पडदा मोठा करून दाखवणारी आयफोनची सोय) चालू ठेवला असेल तर बोलणं बंद-चालू करायला तीन बोटांनी तीनदा. मग बाजूचं बटण तीनदा दाबून व्हॉइसओव्हर बंद-चालू, नाहीतर सिरीला सांगणं. शेवटचा उपाय: आवाज वाढवायचं बटण दाबून सोडा, कमी करायचं दाबून सोडा, मग बाजूचं बटण फोन रीस्टार्ट होईपर्यंत धरून ठेवा.

अँड्रॉइडवर आवाजाची दोन्ही बटणं तीन सेकंद धरली की टॉकबॅक चालू-बंद होतो. पहिल्यांदा परवानगी विचारली जाते, म्हणून हे घेतल्या दिवशीच करून ठेवा. टॉकबॅकच्या बोलण्याची पातळी स्वतंत्र असते. तो बोलत असतानाच बटण दाबाल तर तीच बदलते, गप्प असताना दाबलंत तर बहुधा गाण्यांची बदलते. 'व्हॉल्यूम पूर्ण आहे तरी ऐकू येत नाही' या तक्रारीमागे बहुतेक वेळा हेच असतं.

रीस्टार्टनंतरची अडचण: अँड्रॉइड फोन सुरू झाल्यावर पहिल्यांदा अनलॉक करेपर्यंत बराचसा डेटा कुलूपबंद असतो. बाहेरून घेतलेले काही आवाज त्या वेळी लोडच होत नाहीत आणि पिन टाकायच्या पडद्यावर शांतता पसरते. फोनसोबत आलेलं बोलणारं इंजिन काढून टाकू नका.

कळफलक

निःशब्द यांची कसोटी मान्य, मीही यापुढे तीच आधी सांगेन. त्यात एक भर. विंडोज सुरू होण्याआधीचा बायोसचा (कॉम्प्युटरच्या मूळ सेटिंग्जचा) पडदा कुठल्याच स्क्रीन रीडरला वाचता येत नाही, कारण तेव्हा विंडोज सुरूच झालेलं नसतं. तिथे अडलात तर स्वाइप_उजवीकडे यांचा कॅमेराच कामी येतो. लॅपटॉपच्या पडद्यावर फ्लॅश बंद करून फोन धरा, थोडा तिरका, म्हणजे प्रतिबिंब येत नाही.

नवा_सदस्य_४

उपयुक्त धागा. मामांची दृष्टी गेल्या वर्षात पूर्ण गेली, वय ५८. टायपिंग कधीच केलेलं नाही. त्यांना नोकरी टिकवायची आहे, हिशेबाचं काम आहे. घरचे म्हणतात टच स्क्रीन जमणार नाही, साधा बटणांचा फोन द्या. तुमचा काय सल्ला?

स्वाइप_उजवीकडे

बटणांचा फोन देऊ नका. काच सपाट आहे म्हणून घरच्यांना भीती वाटते, पण टॉकबॅक किंवा व्हॉइसओव्हरमध्ये योग्य जागी बोट ठेवण्याची गरजच नसते. कुठेही स्वाइप केलं तरी पुढचा घटक येतो आणि कुठेही दोनदा टॅप केलं तरी तोच उघडतो. दोन बोटांनी दोनदा टॅप केलं की फोन उचलला जातो, पुन्हा केलं की ठेवला जातो. पहिल्या आठवड्यात एवढंच शिकवा. आयफोनवर व्हॉइसओव्हर चालू असताना चार बोटांनी दोनदा टॅप केलं तर सराव मोड लागतो. त्यात कुठलाही जेस्चर केला तरी फक्त त्याचं नाव आणि काम सांगितलं जातं, काही बिघडत नाही.

घरच्यांना एक सांगा: त्यांच्या हातातून फोन घेऊन 'मी करून देतो' म्हणू नका. टॉकबॅक बंद करून काम उरकून द्यायचं आणि चालू न करता फोन परत करायचा, हा प्रकार घराघरांत होतो आणि त्या माणसाचा स्वतःवरचा विश्वास उडतो.

कळफलक

हिशेबाची नोकरी टिकवायची असेल तर लॅपटॉपही त्याच महिन्यात घ्या. दोन्ही एकत्र जड जाईल असं वाटतं, पण शिकण्याचे विषय वेगळे आहेत. फोनवर ऐकण्याची सवय लागते, कळफलकावर बोटं बसतात. सुरुवातीला आवाजाचा वेग कमी ठेवा आणि दर आठवड्याला थोडा वाढवा. बोलण्याच्या वेगावरच कामाचा वेग ठरतो.

कळफलकासाठी रोज अर्धा तास, एनव्हीडीए+१ दाबून. याने इनपुट मदत चालू होते: दाबाल त्या कीचं नाव ऐकू येतं, काम काहीच होत नाही. एफ आणि जे वरच्या उंचवट्यांवर तर्जनी. आधी बाण, टॅब, एंटर, एस्केप, ऑल्ट+टॅब. मग अक्षरं. मराठीसाठी इनस्क्रिप्ट (भारतीय लिपींची प्रमाण कळफलक मांडणी) शिकवा: त्यात एफवर ऱ्हस्व वेलांटी आणि जेवर 'र' येतो, डीवर हलन्त, केवर 'क', एलवर 'त'. स्वर आणि मात्रा डाव्या हाताला, व्यंजनं बहुतेक उजव्या हाताला. मांडणीला तर्क आहे, त्यामुळे डोळ्यांनी न बघता लवकर बसते.

इन्सर्ट_की

लॅपटॉप घेताना दुकानदार पडद्याबद्दल बोलत राहतो. आपण कळफलकावर बोटं फिरवून बघायची. काय बघायचं ते सांगतो.

एफ१ ते एफ१२ या कीज चार-चारच्या गटात असून मध्ये फट आहे का? सलग पट्टी असेल तर एफ७ मोजतच शोधावी लागते. बाणांच्या कीज अर्ध्या उंचीच्या चिकटलेल्या आहेत की वरचा बाण वेगळा उठून येतो? होम, एंड, पेज अप, पेज डाउन स्वतंत्र आहेत की एफएन धरून बाण दाबावे लागतात? ओळीच्या सुरुवातीला आणि शेवटाला जाणं दिवसातून शेकडो वेळा लागतं, तिथे दोन हात गुंतणं परवडत नाही. इन्सर्ट नसेल तर बिघडत नाही, एनव्हीडीएच्या कळफलक सेटिंगमध्ये कॅप्सलॉकला एनव्हीडीए की करता येतं. कॅप्सलॉक खरोखर चालू करायची असेल तेव्हा ती पटकन दोनदा दाबा.

नंबर पॅड असलेला लॅपटॉप घ्यावा का, यावर दोन मतं आहेत. नंबर पॅड असला की एनव्हीडीएची डेस्कटॉप मांडणी वापरता येते आणि एका हाताने स्क्रीनवरचा मजकूर ओळ, शब्द, अक्षर असा तपासता येतो. पण अक्षरांचा भाग डावीकडे सरकतो आणि लॅपटॉप मोठा होतो. रोज पिशवीतून न्यायचा असेल तर बिनपॅडचा घ्या, टेबलावर राहणार असेल तर पॅडचा.

बऱ्याच लॅपटॉपवर एफ१ ते एफ१२ घेतल्याबरोबर आवाज-उजेडाची कामं करतात. एनव्हीडीए+एफ७ दाबलं आणि भलतंच झालं, तर एफएन लॉक बदला. बऱ्याच कंपन्यांत एफएन+एस्केप असतं. २०२४ पासूनच्या अनेक लॅपटॉपवर उजव्या कंट्रोलच्या किंवा मेनू कीच्या जागी कोपायलटची की येते. मेनू की नसेल तर शिफ्ट+एफ१० ने तेच काम होतं.

टचपॅड बंद ठेवा. टाइप करताना तळहात लागतो, पॉइंटर उडतो, फोकस दुसरीकडे जातो आणि तुमचा अर्धा परिच्छेद तिसऱ्याच ठिकाणी टाइप होतो. यातली वाईट गोष्ट म्हणजे लगेच कळत नाही.

आतल्या भागांत एसएसडी हवीच, फिरणारी हार्ड डिस्क नको. डिस्क अडखळली की डोळस माणसाला फिरणारं वर्तुळ दिसतं, आपल्याला नुसती शांतता, आणि त्या शांततेत माणूस तीच की पुन्हा दाबतो. रॅम १६ जीबी घ्या. ८ वर एनव्हीडीए आरामात चालतो, पण ब्राउझरच्या वीस टॅब आणि एक व्हिडिओ मीटिंग एकत्र आली की बोलणं अडखळतं. पडदा लहान आणि साधा चालेल. स्क्रीन कर्टनने (पडदा काळा ठेवायच्या सोयीने) बॅटरी वाचते हा गैरसमज आहे: एनव्हीडीएचा कर्टन चित्र काळं करतो, मागचा दिवा तसाच जळत राहतो. उजेड शून्यावर आणा, तेव्हा फरक पडेल.

पडदा नसलेला मिनी पीसी घ्यायचा असेल तर एक लक्षात ठेवा. मॉनिटर जोडलेलाच नसेल तर विंडोज खूप कमी रिझोल्यूशन धरतो. मग वेबसाइटला खिडकी अरुंद वाटते आणि मेनू 'आणखी' बटणाखाली लपतात. एचडीएमआयचा डमी प्लग (मॉनिटर जोडलाय असं भासवणारा) लावला की हे टळतं.

सहा_ठिपके

चर्चा आवाजावरच चाललीये, म्हणून ब्रेलची बाजू मांडतो. मराठी लिहिणाऱ्याला ही हवीच.

'कि' आणि 'की', 'दिन' आणि 'दीन' हे शब्द ईस्पीकला (एनव्हीडीएसोबत येणाऱ्या आवाजाला) द्या नाहीतर गूगलच्या मराठी आवाजाला. भरधाव वेगात फरक कळत नाही. मजकूर ऐकून तपासला की ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका तशाच राहतात. अक्षर-अक्षर वाचलं तर कळतात, पण पूर्ण पान असं कोण वाचणार? ब्रेल डिस्प्लेवर (ठिपके उठून येणाऱ्या पट्टीवर) ऱ्हस्व वेलांटी म्हणजे २-४ हे ठिपके, दीर्घ ३-५. ऱ्हस्व उकार १-३-६, दीर्घ १-२-५-६. बोटाखाली आपोआप कळतं. एनव्हीडीएच्या ब्रेल सेटिंगमध्ये मराठी तक्ता निवडायचा, बस.

दुरुस्ती करतानाही कॉम्प्युटर आणि मोबाइल यांत फरक आहे, आणि याने पुष्कळ लोक गोंधळतात. विंडोजवर उजवा बाण दाबला की कर्सरच्या *उजवीकडचं* अक्षर बोललं जातं. ते पुसायला डिलीट. बॅकस्पेस दाबलं तर आधीचं जातं. आयफोनवर रोटर 'अक्षरे'वर ठेवून पुढे गेलात की कर्सर ऐकलेल्या अक्षराच्या *पलीकडे* थांबतो. तिथे पुसायचं बटण ऐकलेलंच अक्षर पुसतं. आणि मागे येत असाल तर कर्सर ऐकलेल्या अक्षराच्या अलीकडे असतो, त्यामुळे त्याच्याही आधीचं पुसलं जातं. उपाय सोपा: आयफोनवर चुकीच्या अक्षराकडे नेहमी डावीकडून, पुढे जात जात या.

देवनागरीत आणखी एक. 'स्त्री'च्या शेवटी बॅकस्पेस दाबलं की आधी फक्त वेलांटी जाते, मग र, मग हलन्त. डिलीट मात्र बहुतेक प्रोग्राममध्ये अख्खं अक्षर एकदम उडवतं. वेलांटी बदलायची असेल तर अक्षराच्या शेवटी जाऊन बॅकस्पेस, कधीच डिलीट नाही.

मोबाइलवर लिहायचंच असेल तर पडद्यावरचा ब्रेल कळफलक वापरा. आयफोनवर २०१४ पासून आहे, टॉकबॅकमध्ये २०२० पासून. फोन आडवा, पडदा आपल्यापासून दूर वळवलेला, दोन्ही हातांची तीन-तीन बोटं. ब्रेल येणारा माणूस साध्या टच कळफलकापेक्षा यावर कितीतरी भराभर लिहितो. बोलून लिहिणं संदेशापुरतं ठीक. विरामचिन्हं आणि नावं बिघडतात, आणि ती शोधायला पुन्हा तेच अक्षर-अक्षर.

नवा_सदस्य_४

ब्रेल डिस्प्ले एकच घेऊन दोन्हीला चालतो का? आणि मामांना ब्रेल येत नाही.

सहा_ठिपके

चालतो. यूएसबीने लॅपटॉपला आणि ब्लूटूथने फोनला, असं बहुतेक डिस्प्लेवर बदलता येतं. एचआयडी (उपकरणं जोडायचं सामायिक) मानक पाळणारा घ्या, म्हणजे वेगळ्या ड्रायव्हरची कटकट कमी. अँड्रॉइडवर २०२२ पासून ब्रेल डिस्प्लेची सोय टॉकबॅकमध्येच आहे, आधी ब्रेलबॅक हे वेगळं ॲप लागायचं. फिरतीला १४ ते २० सेलचा (सेल म्हणजे एका ब्रेल अक्षराची जागा), टेबलावर वाचायला ४० सेलचा. पण ब्रेल अजून येत नसेल तर आत्ता घेऊ नका. आधी कागदावर ब्रेल शिकू द्या. अठ्ठावन्नाव्या वर्षी बोटांना ठिपके कळायला वेळ लागतो, पण कळतात.

निःशब्द

बँकेच्या कामाबद्दल कुणी बोललं नाही. इथे दोन्ही उपकरणं लागतात.

मोबाइल ॲपमध्ये दोन अडथळे येतात. पिनचा कळफलक दर वेळी आकडे उलटसुलट मांडतो, आणि कधी आकडे बोलत नाही, नुसतं 'बटण' म्हणतो. दुसरं, ॲप स्क्रीनशॉट अडवत असेल तर पडद्यावरून मजकूर ओळखणारी साधनं तिथून हात हलवत परत येतात. अँड्रॉइडवरची काही ॲप्स टॉकबॅकसारखी सेवा चालू दिसली की उघडायलाच नकार देतात, कारण पैसे लुबाडणारी ॲप्स हाच ॲक्सेसिबिलिटीचा मार्ग वापरतात. कारण खरं आहे, पण त्याची किंमत अंध ग्राहकाने मोजायची हे चूक आहे. लेखी तक्रार करा, ॲपची आवृत्ती, फोनचं मॉडेल आणि अडलेल्या पडद्याचं नाव लिहून.

अशा वेळी कॉम्प्युटरवरची बँकेची वेबसाइट बहुधा जास्त चालते. फॉर्मच्या खोक्यांवर एफने उड्या मारा. पण ओटीपी फोनवर येतो आणि वेबसाइटचं सत्र काही मिनिटांत संपतं. म्हणून फोन अनलॉक करून, संदेशांचं ॲप उघडून शेजारी ठेवा, मगच लॉगिन सुरू करा. एका कानात फोन, दुसऱ्यात लॅपटॉप. लोकांमध्ये असाल तर स्क्रीन कर्टन: आयफोनवर तीन बोटांनी तीनदा टॅप, टॉकबॅकच्या मेनूत 'स्क्रीन लपवा'.

ब्लूटूथ हेडफोनबद्दलही. बोलणं उशिरा येतं आणि पहिलं अक्षर कापलं जातं, कारण आवाज थांबला की हेडफोन झोपतो आणि जागा होईपर्यंत शब्दाची सुरुवात निघून जाते. ओटीपीचा पहिला आकडा असाच जातो. एनव्हीडीएच्या ऑडिओ सेटिंगमध्ये बोलणं संपल्यावरही ऑडिओ उपकरण जागं ठेवायचा कालावधी आहे, तो वाढवा. फोनला वायरचा हेडफोन सगळ्यात भरवशाचा.

इन्सर्ट_की

फोन निवडताना: अँड्रॉइडमध्ये कमी रॅमचा फोन नको. दुसरं ॲप उघडलं की सिस्टिम टॉकबॅकलाच धक्का देते आणि बोलणं मागे पडतं. बोटठशाचं सेन्सर बाजूच्या बटणात असेल तर उत्तम, हाताला आपोआप सापडतं. काचेखालचं सेन्सर शोधत बसावं लागतं. फेस आयडी अंध माणसाला चालतो. फोन पहिल्यांदा सेट करताना व्हॉइसओव्हर चालू असेल तर 'नजर फोनकडे हवी' ही अट आपोआप बंद राहते. आधीच सेट केलेला फोन हाती आला असेल तर ती सेटिंगमध्ये जाऊन बंद करा.

दुकानात टॉकबॅक चालू करून सेटिंग्जमध्ये भराभर वीस स्वाइप करा. बोलणं बोटाच्या मागे रेंगाळलं तर तो फोन ठेवून द्या.

नवा_सदस्य_४

टॅबला कीबोर्ड जोडून दोन्हीचं काम एकातच होईल का? शेवटचा प्रश्न.

कळफलक

ईमेल, वाचन, छोटी टिपणं इथपर्यंत होतं. आयपॅडवर डावा-उजवा बाण एकत्र दाबून क्विक नॅव्ह चालू केलं की बाणांनी फिरता येतं. पण कार्यालयातलं हिशेबाचं सॉफ्टवेअर टॅबवर नसतं आणि टॅबच्या एक्सेलमध्ये वर सांगितलेली शीर्षकांची सोय नाही. मामांसाठी लॅपटॉपच.

त्यांच्या कार्यालयात आधी एक चाचणी करा. एनव्हीडीए फुकट आहे. टूल्स मेनूतून त्याची पोर्टेबल (इन्स्टॉल न करता चालणारी) प्रत यूएसबी ड्राइव्हवर बनवा, आयटी विभागाची परवानगी घ्या आणि हिशेबाच्या सॉफ्टवेअरवर चालवून बघा: टॅबने प्रत्येक खोक्यावर जाता येतं का, खोक्याचं नाव बोललं जातं का, नोंदींची यादी बाणांनी वाचली जाते का. पोर्टेबल प्रत ॲडमिनच्या परवानगीच्या पडद्यावर आणि लॉगिनच्या पडद्यावर बोलत नाही, तेवढ्यावरून निष्कर्ष काढू नका. जॉजही परवान्याशिवाय एका वेळी ४० मिनिटं चालतो, मग कॉम्प्युटर रीस्टार्ट करावा लागतो. जिथे एनव्हीडीए गप्प बसतो तिथे त्यानेही करून बघा. कुठल्या पडद्यावर काय बोललं आणि काय नाही हे लिहून इथे टाका, मग त्या सॉफ्टवेअरपुरतं पुढचं बघू. एनव्हीडीएमध्ये २०२५.१ पासून रिमोट ॲक्सेस आतच आहे, त्यामुळे कार्यालयाने परवानगी दिली तर आमच्यापैकी कुणीही जोडून मामांसोबत ते पडदे ऐकू शकेल.